कमोडोर ६४ चा एम्युलेटर चालत नाही? आधी ३८९११ दिसतंय का बघा

कमोडोर ६४ हा १९८२ सालचा घरगुती संगणक. आजच्या डेस्कटॉपवर तो चालवायला बहुतेक जण व्हाइस हा एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, घेतात. तो बसवून देण्याचं आणि बिघडला की पुन्हा उभा करण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे, आणि समोर येणाऱ्या तक्रारी फिरून फिरून त्याच असतात. हाच बिघाड तुमच्याकडे असेल तर पुढची लक्षणं ओळखीची वाटतील:

- विंडो उघडते, पण आत सगळं काळं. किंवा विंडो उघडतच नाही आणि रॉम (मशीनच्या कायमच्या सूचनांची फाइल) सापडला नाही असा संदेश येतो.
- स्क्रीन येते, पण अक्षरांच्या जागी ठिपके आणि कचरा दिसतो.
- निळी स्क्रीन व्यवस्थित येते, पण अवतरणचिन्ह टाइप केलं की भलतंच काहीतरी उमटतं.
- लोडची कमांड दिली की कर्सर गायब होतो आणि पुढे काहीच घडत नाही.
- खेळ सुरू होतो, पण त्यातला माणूस जागचा हलत नाही.
- आवाज तुटतो, चित्र झटके देत सरकतं, किंवा सगळं वेड्यासारखं वेगाने पळतं.
- काल चालत होतं, आज चालत नाही, आणि तुम्ही तर काहीच बदललेलं नाही.

सगळ्यात आधी एक रेघ ओढा

लोक एम्युलेटर उतरवतात आणि त्याच क्षणी त्यात खेळाची फाइल टाकतात. ती चालली नाही की बिघाड मशीनमध्ये आहे, फाइलमध्ये आहे, कीबोर्डमध्ये आहे की ग्राफिक्समध्ये, हे सांगायला काहीच हाती उरत नाही. म्हणून खेळ बाजूला ठेवा. डिस्क नाही, टेप नाही, कार्ट्रिज (मशीनमध्ये खोचायची प्रोग्रामची डबी) नाही, असं रिकामं मशीन सुरू करा आणि वाट पाहा.

खरा कमोडोर ६४ चालू केला की निळ्या स्क्रीनवर फिकट निळ्या अक्षरांत यंत्राचं नाव, ‘६४के रॅम सिस्टिम’, ‘३८९११ बेसिक बाइट्स फ्री’ आणि खाली ‘रेडी’ असं येतं. एम्युलेटरमध्येही अगदी हेच यायला हवं. हा आकडा उगाच आलेला नाही. बेसिक या भाषेतल्या प्रोग्रामला स्मृतीत २०४९ ते ४०९५९ या पत्त्यांची जागा मिळते आणि ती बरोबर ३८९११ बाइट भरते. सुरू होताना मशीन स्मृती तपासत जातं आणि मोजून तो आकडा छापतं. म्हणजे ३८९११ दिसलं की प्रोसेसर चालतो आहे, कर्नल (मशीनची मूळ यंत्रणा) आणि बेसिक हे दोन्ही रॉम जागेवर आहेत, स्मृती ठीक आहे आणि चित्रही तुमच्या मॉनिटरपर्यंत पोचतं आहे. एवढी खात्री एका ओळीत मिळते.

आकडा वेगळा असेल तर तोही बोलतो. ३०७१९ म्हणजे ८ किलोबाइटची कार्ट्रिज कुठेतरी जोडलेली राहिली आहे. ३५८३ दिसलं तर तुम्ही कमोडोर ६४ सुरूच केलेला नाही, ते व्हिक-२० हे कमोडोरचंच दुसरं यंत्र आहे. १२२३६५ असेल तर कमोडोर १२८. व्हाइसच्या फोल्डरमध्ये प्रत्येक यंत्रासाठी वेगळी फाइल असते आणि नावं एकसारखी दिसतात, त्यामुळे ही गफलत सहज होते. तुम्हाला हवी ती फाइल एक्स६४एससी.

३८९११ दिसत असेल तर थेट ‘रेडीच्या पुढे’ या भागाकडे जा. दिसत नसेल तर इथून क्रमाने चला.

फाइल झिपमधूनच उघडली आहे का?

विंडोजवर हे इतक्या वेळा निघतं की मी दुसरं काही विचारायच्या आधी हेच विचारतो. झिपवर दोनदा क्लिक केलं की आतल्या फाइली फोल्डरसारख्या दिसतात, आणि तिथूनच प्रोग्राम सुरू केला जातो. विंडोज तेव्हा फक्त तो एक प्रोग्राम तात्पुरत्या जागी काढून चालवतं. शेजारच्या रॉमच्या फाइली झिपमध्येच राहतात. साहजिकच एम्युलेटर म्हणतो, रॉम नाही. झिपवर उजवी क्लिक करून ‘एक्सट्रॅक्ट ऑल’ करा आणि नव्या फोल्डरमधून चालवा.

तो फोल्डर साध्या जागी ठेवा, आणि त्याचं नाव तूर्तास रोमन अक्षरांत द्या. काही जुन्या प्रोग्रामांना देवनागरी नाव असलेला मार्ग वाचता येत नाही. तसंच काही एम्युलेटर आपली सेटिंग स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहितात, आणि प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायची परवानगी त्यांना नसते. मग दर वेळी केलेले बदल पुसले जातात आणि माणूस हैराण होतो.

मॅकवर प्रोग्राम उघडायलाच नकार मिळत असेल तर तो एम्युलेटरचा दोष नाही. यंत्रणेच्या सेटिंगमधल्या ‘प्रायव्हसी आणि सिक्युरिटी’ या पानावर खाली जाऊन त्याला परवानगी द्यावी लागते. फाइल अधिकृत जागेवरून घेतलेली असेल तरच द्या.

सेटिंग मूळ स्थितीत आणा

‘काल चालत होतं’ या तक्रारीचं उत्तर बहुतेक इथेच असतं. व्हाइसमध्ये बाहेर पडताना सेटिंग जपून ठेवायची सोय आहे. ती चालू असेल तर कालची प्रत्येक गडबड आज परत येते: चुकून दाबलेला वार्प मोड (मशीन मुक्त वेगाने पळवणारी सोय), जोडून ठेवलेली जादा रॅम, किंवा ‘कायमची’ म्हणून नोंदलेली कार्ट्रिज. मेनूतून आधी कार्ट्रिज काढा, मग डिफॉल्ट सेटिंग परत आणा. मेनूपर्यंतच पोचता येत नसेल तर टर्मिनलमधून प्रोग्रामच्या नावापुढे ‘-डिफॉल्ट’ हा पर्याय लावून चालवा.

याला खर्च शून्य आणि वेळ अर्धा मिनिट. तरीही लोक हे सोडून आधी ड्रायव्हर बदलायला धावतात. तसं करू नका. जुन्या सेटिंगवर नवा ड्रायव्हर चढवला की कोणत्या बदलाने काय झालं हे कळत नाही.

रॉम: आकार बघा, नाव बघा, मग आतलं

एम्युलेटर प्रोसेसरची आणि चिपांची नक्कल करतो, पण मशीन सुरू झाल्यावर काय करायचं हे रॉममध्ये लिहिलेलं असतं. कमोडोर ६४ ला तीन रॉम लागतात. कर्नल ८१९२ बाइट, बेसिक ८१९२ बाइट, आणि अक्षरांच्या आकृत्यांचा कॅरजेन ४०९६ बाइट. चौथा रॉम १५४१ या डिस्क ड्राइव्हचा, १६३८४ बाइट. त्याच्याशिवाय मशीन सुरू होतं, ३८९११ सुद्धा दिसतं, पण डिस्क चालत नाही. तीन फाइली बसवून काम झालं असं समजणाऱ्यांना हा चौथा नंतर त्रास देतो.

विंडोजसाठीच्या अधिकृत व्हाइसमध्ये हे रॉम सोबतच येतात. डेबियनच्या आणि तिच्यावर आधारलेल्या लिनक्सच्या पॅकेजमध्ये येत नाहीत, कारण त्यांचे हक्क मोकळे नाहीत. तिथे पॅकेज ‘यशस्वीपणे बसलं’ असं यंत्रणा सांगते आणि प्रोग्राम तरीही सुरू होत नाही. मी अशा वेळी व्हाइसच्या त्याच आवृत्तीचा मूळ सोर्स संच घेतो. त्याच्या डेटा फोल्डरमध्ये यंत्राचे रॉम ‘सी६४’ या उपफोल्डरात आणि ड्राइव्हचे ‘ड्राइव्ह्ज’ या उपफोल्डरात असतात. दोन्ही जशीच्या तशी उचलायची. ‘त्याच आवृत्तीचा’ यावर माझा जोर आहे. जुन्या व्हाइसमध्ये फाइलचं नाव नुसतं ‘कर्नल’ असे. नव्या आवृत्त्यांत नावात चिपचा क्रमांकही असतो, जसं कर्नलसाठी ९०१२२७-०३. जुनं मार्गदर्शन वाचून जुनं नाव दिलं की नवा एम्युलेटर ती फाइल बघतही नाही. शिवाय लिनक्स लहान-मोठ्या रोमन अक्षरांत फरक करतो, त्यामुळे फोल्डरच्या नावातलं एक अक्षर बदललं तरी रॉम ‘सापडत नाही’.

आता आकार तपासा. फाइलच्या माहितीत बाइटचा पूर्ण आकडा वाचा, ‘८ केबी’ एवढ्यावर समाधान मानू नका. आकडा वेगळा असेल तर अनेकदा ती रॉमची फाइल नसतेच. डाउनलोड करताना वेबपान त्या नावाने जतन झालेलं असतं, किंवा विंडोजने लपवलेलं दुसरं एक्स्टेन्शन नावाच्या शेवटी चिकटलेलं असतं.

आकार बरोबर असूनही स्क्रीन काळी, ही यातली सर्वांत चकवणारी अवस्था. कर्नल आणि बेसिक दोन्ही नेमक्या ८१९२ बाइटच्या. नावं देताना त्यांची अदलाबदल झाली तर आकाराच्या तपासणीत दोन्ही पास होतात, एम्युलेटर तक्रार न करता चालू लागतो, पण प्रोसेसर पहिला पत्ता वाचायला कर्नलच्या जागी जातो आणि तिथे बेसिकचे बाइट सापडतात. त्यातून अर्थ निघत नाही आणि स्क्रीनवर काहीच येत नाही. संपूर्ण संच एकाच जागेवरून पुन्हा घेणं हा यावरचा सरळ उपाय आहे. आणि जर ‘रेडी’ असावं तिथे ओळींची मांडणी बरोबर आहे पण अक्षरं कचऱ्यासारखी आहेत, तर मशीन ठीक आहे, फक्त कॅरजेन चुकीचा आहे.

हेच तत्त्व दुसऱ्या यंत्रांना लावता येतं. ४८ के झेडएक्स स्पेक्ट्रमचा रॉम १६३८४ बाइट, आणि तो नीट असेल तर १९८२ च्या हक्काची सिंक्लेअरची ओळ स्क्रीनच्या तळाशी येते. अमिगा या संगणकाचा रॉम, किकस्टार्ट १.३, हा २६२१४४ बाइटचा. फ्लॉपी धरलेला हात दिसला की तो बरोबर बसला.

चित्रच पोचत नसेल तर

रॉम ठीक, सेटिंग मूळची, तरी काळं? विंडोच्या खालच्या पट्टीकडे बघा. तिथे वेग १०० टक्क्यांच्या आसपास आणि सेकंदाला सुमारे ५० फ्रेम दिसत असतील तर मशीन आत चालू आहे, फक्त चित्र बाहेर येत नाही. मग संशय ग्राफिक्सवर. दुसऱ्या संगणकावरून रिमोटने काम करत असाल किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये असाल, तर आधी प्रत्यक्ष यंत्रावर चालवून बघा. त्यानंतर व्हाइसचं दुसरं रूप वापरा. विंडो आणि चित्र दाखवायला वेगळं साधन वापरणाऱ्या जीटीके३ आणि एसडीएल अशा दोन बांधण्यांत तो मिळतो, आणि एक काळा राहिला तरी दुसरा चालण्याची चांगली शक्यता असते. एसडीएलमध्ये वर मेनूची पट्टी दिसत नाही, एफ१२ दाबल्यावर तो उघडतो. ग्राफिक्स ड्रायव्हर अद्ययावत करणं यानंतर, आधी नाही.

रेडीच्या पुढे

आता मशीन जागं आहे. प्रिंट "ए" टाइप करून एंटर दाबा. अवतरणचिन्ह उमटलं नाही तर बिघाड काहीच नाही, कीबोर्डची जुळणी वेगळी आहे. कमोडोरवर ते चिन्ह शिफ्ट आणि २ यांवर होतं. व्हाइसमध्ये दोन पद्धती आहेत: ‘सिम्बॉलिक’मध्ये तुमच्या कीवर जे छापलंय ते उमटतं, ‘पोझिशनल’मध्ये मूळ यंत्रावर ती की जिथे होती ते उमटतं. टायपिंगसाठी पहिली, खेळांसाठी कधीकधी दुसरी. संगणकाची टंकनभाषा मराठी असेल तर सिम्बॉलिक जुळणीला देवनागरी चिन्हं मिळतात आणि कमोडोरकडे त्यांच्यासाठी कीच नाही. एम्युलेटर सुरू करण्याआधी भाषा इंग्रजीवर न्या. रन-स्टॉप ही की सहसा एस्केपवर, रिस्टोअर पेज-अपवर, आणि कमोडोरची खास की डाव्या कंट्रोलवर असते.

लोडबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण ‘लोड होत नाही’ म्हणणाऱ्या पुष्कळ जणांचं लोड होत असतं. १५४१ ड्राइव्ह मूळचाच संथ. सेकंदाला सुमारे ४०० बाइट धरले तर ४० किलोबाइटचा खेळ यायला दीड-पावणेदोन मिनिटं लागतात. एम्युलेटर ती गतीही इमानाने उभी करतो. खालच्या पट्टीत ड्राइव्ह ८ चा (८ हा पहिल्या डिस्क ड्राइव्हचा क्रमांक) दिवा आणि ट्रॅकचा आकडा दिसतो. आकडा बदलतो आहे तोवर थांबा. घाई असेल तर विंडोज-लिनक्सवर ऑल्ट+डब्ल्यू ने वार्प मोड चालू करा आणि लोड झाल्यावर आठवणीने बंद करा. तो चालू राहिला की खेळ पळत सुटतो, आणि वेगाची तक्रार तिथूनच येते.

टेपचं आणखी वेगळं. ‘प्रेस प्ले ऑन टेप’ आल्यावर एम्युलेटरच्या मेनूतून टेपचं प्ले बटण खरोखर दाबावं लागतं, आणि टेप वाचताना कमोडोर स्वतःच स्क्रीन कोरी करतो. तिथे घाबरून रीसेट करू नका.

डिस्क बराच वेळ स्थिरच असेल तर आधी यादी मागवा: लोड "$",८ आणि मग लिस्ट. यादी आली तर ड्राइव्ह आणि डिस्क दोन्ही ठीक. ‘डिव्हाइस नॉट प्रेझेंट’ म्हणजे ड्राइव्ह ८ बंद केलेला आहे किंवा तो चौथा रॉम नाही. ‘फाइल नॉट फाउंड’ म्हणजे नाव चुकलं. लोड "*",८,१ ही कमांड डिस्कवरची पहिली फाइल उचलते, आणि काही डिस्कवर पहिली नोंद निव्वळ सजावटीची असते. यादीच आली नाही तर इमेजचा, म्हणजे डिस्कची नक्कल असलेल्या फाइलचा, आकार बघा. ३५ ट्रॅकची साधी डी६४ फाइल १७४८४८ बाइटची असते, त्रुटींची माहिती सोबत असेल तर १७५५३१.

यादी येते, लोड सुरू होतं, आणि मध्येच कायमचं अडकतं? ‘ट्रू ड्राइव्ह एम्युलेशन’ चालू करा. १५४१ च्या आत स्वतःचा प्रोसेसर आणि २ किलोबाइट रॅम असते. वेगाने लोड होणारे खेळ आपला कोड ड्राइव्हमध्ये पाठवून तिथे चालवतात. खऱ्या ड्राइव्हची नक्कलच बंद असेल तर तो कोड चालणार कुठे? हे करूनही अडकलं तर खेळाला कॉपी-संरक्षण असू शकतं आणि डी६४ मध्ये ते उतरत नाही. त्याच खेळाची जी६४ ही अधिक बारकाईने नक्कल केलेली इमेज शोधा. दोन बाजूंच्या डिस्कचा खेळ दुसऱ्या बाजूला मरतो त्याचं कारण मात्र साधं असतं: दुसरी बाजू ‘ऑटोस्टार्ट’ने घातली जाते आणि ऑटोस्टार्ट मशीन रीसेट करतं. तिथे फक्त ‘अटॅच’ करायचं.

जॉयस्टिकची परीक्षा ‘रेडी’वरच होते. काठी हलवा, फायर दाबा. कर्सरजवळ अक्षरं उमटली किंवा कर्सर पुढे सरकला तर ती पोर्ट १ मध्ये आहे, कारण त्या पोर्टच्या तारा कीबोर्डच्या तारांशी सामायिक आहेत. याच गोंधळामुळे बहुतेक खेळ पोर्ट २ वापरतात. तिकडे न्या. जॉयस्टिकचं काम अंकांच्या कीपॅडवर ठेवलं असेल आणि लॅपटॉपला तो वेगळा कीपॅड नसेल, तर ‘कीसेट’मध्ये दुसऱ्या कीज नेमा.

आवाज तुटत असेल तर आधी लॅपटॉप वीजबचतीच्या मोडमध्ये नाही ना ते बघा, मग साउंड बफर थोडा थोडा वाढवा. फार वाढवला तर आवाज चित्राच्या मागे पडतो. संगीत येतं पण बोललेला आवाज पुसट, तर सिड या आवाजाच्या चिपचं ८५८० ऐवजी ६५८१ हे रूप निवडा. जुन्या खेळांतले नमुन्यांचे (ध्वनिमुद्रित तुकड्यांचे) आवाज ६५८१ च्या एका गुणदोषावर उभे आहेत आणि ८५८० वर ते फार क्षीण होतात. चित्र सरकताना झटके बसतात ते बहुतेकदा ५० आणि ६० हर्ट्‌झच्या भांडणामुळे. पाल या टीव्ही-पद्धतीचा कमोडोर सेकंदाला ५० च्या जरा वर चित्रं देतो, मॉनिटर ६० मागतो. मॉनिटर ५० किंवा १०० वर लावता आला तर लावा. फक्त ते टाळायला यंत्र एनटीएससी या ६० हर्ट्‌झच्या टीव्ही-पद्धतीवर नेऊ नका. पालसाठी लिहिलेले अनेक डेमो (चित्र-संगीताचे दिखाऊ प्रोग्राम) तिथे मोडतात.

इथे थांबा

इतर त्रिमितीय प्रोग्रामही काळे पडत असतील, डेस्कटॉपच झटके देत असेल किंवा संगणक आपोआप बंद होत असेल, तर हा प्रश्न एम्युलेटरचा राहिलेला नाही. हार्डवेअर बघणाऱ्या माणसाकडे यंत्र न्या.

तुमच्या स्वतःच्या जुन्या फ्लॉपींवरून इमेज बनवायच्या असतील आणि त्यांची दुसरी प्रत नसेल, तर ड्राइव्ह खरखरला किंवा चकतीवर बुरशीचे डाग दिसले की तिथेच थांबा. पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न केल्याने चकतीवरचा चुंबकीय थर खरवडला जातो, आणि ड्राइव्हच्या वाचकाला लागलेली घाण पुढच्या चांगल्या डिस्कवर जाते. जुन्या माध्यमांतून माहिती काढणाऱ्या जाणकाराकडेच त्या द्या.

आणि स्वतःचा रॉम उतरवायला माळ्यावरचा खरा कमोडोर काढला असेल तर त्याचा मूळ वीजपुरवठा कृपया जोडू नका. त्या बंद ठोकळ्यातला ५ व्होल्टचा नियंत्रक बिघडला की जास्त व्होल्टेज सोडतो आणि रॅमच्या चिपा क्षणात जळतात. आतला भाग राळेने भरलेला असल्यामुळे तो उघडून दुरुस्त करण्यासारखाही नसतो. सोबतचा पिक्चर ट्यूबचा मॉनिटरही उघडायचा नाही, बंद असतानाही त्यात उच्च दाब साठून राहतो. ही दोन्ही कामं इलेक्ट्रॉनिक्सच्या तंत्रज्ञाची आहेत. यंत्र त्याच्याकडे देताना एवढंच सांगा: पुरवठ्याचा ५ व्होल्ट आधी भारासह मोजा, आणि तो बरोबर असल्याशिवाय बोर्डाला जोडू नका.